रक्तातील खूण : छिन्नमानसाच्या रक्तपरीक्षेचा इतिहास व तिची मराठी परिभाषा

छिन्नमानस ह्या मनोव्याधीची काही निश्चित खूण रोग्याच्या रक्तात सापडते काय, हा प्रश्न वैद्यकाचा आहे आणि त्याचा निर्णयही वैद्यकानेच करावयाचा आहे. तथापि ह्या प्रश्नास एक इतिहास आहे, आणि तो जितका प्रयोगशाळांचा तितकाच शब्दांचाही आहे. भाषाशास्त्राच्या अभ्यासकाने ह्या प्रांतात पाऊल टाकण्याचे धाडस का करावे, याचा खुलासा प्रथम केला पाहिजे.

मी कळंबोलीस राहतो. काही काळापूर्वी वैद्यकाचा एक पदव्युत्तर विद्यार्थी मजकडे एक मराठी संमतिपत्र घेऊन आला. छिन्नमानसाच्या रुग्णांचे रक्त घेऊन त्यातील काही द्रव्यांचे व विकरांचे प्रमाण मोजावयाचे, असा त्याच्या प्रबंधाचा विषय होता. मूळ इंग्रजी मसुद्याचे मराठी भाषांतर कोणीतरी करून दिले होते, आणि त्यात एक वाक्य असे होते : ‘तुमच्या रक्तातील ऑक्सिडेटिव्ह तणावाचे दोष शोधण्यासाठी आम्ही रक्त घेत आहोत.’ पनवेल तालुक्यातीलच एका खेड्यातून आलेल्या तरुण रुग्णाच्या थोरल्या भावाने हा कागद वाचून परत केला होता. ‘डॉक्टर, रक्तात दोष आहे असं मी लिहून देऊ? घरात बहिणीचं लग्न व्हायचं आहे,’ एवढेच तो म्हणाला आणि धाकट्या भावास घेऊन बाहेर जाऊन बसला. विद्यार्थ्यास वाटले की त्या गृहस्थास विज्ञान समजले नाही. मला वाटले की त्यास मराठी चांगले समजले होते.

मराठीत रक्त हा शब्द शरीरातील द्रवापुरता कधीच मर्यादित नव्हता. रक्ताचे नाते, रक्तात असणे, रक्ताला जागणे, रक्ताचा गुण हे सर्व प्रयोग कुळाचे व वारशाचे वाचक आहेत. एखादी गोष्ट ‘रक्तातच आहे’ असे आपण म्हणतो तेव्हा ती जन्मापासून आहे, बापाची लेकास आली आहे आणि जाणार नाही, असे तिन्ही अर्थ एकदम सांगतो. अशा भाषेत ‘रक्तातील दोष’ असा शब्दप्रयोग एका रुग्णाविषयी केला, तर तो त्या एकट्यापुरता राहात नाही. त्याच्या भावंडांस, चुलत भावंडांस, सोयरिकीच्या बोलण्यांस तो जाऊन चिकटतो. म्हणून छिन्नमानसाची खूण रक्तात शोधण्याचा उद्योग कोठून निघाला, कोठे फसला आणि आज कोठे आहे, हे पाहणे मला आवश्यक वाटले. त्यावाचून ते एक वाक्य दुरुस्त करता येईना.

प्रथम रोगाचे नाव. जर्मन मनोवैद्य एमिल क्रेपेलिन याने १८९० नंतरच्या दशकात ‘अकाली बुद्धिभ्रंश’ ह्या अर्थाच्या लॅटिन नावाखाली तरुणपणी सुरू होणाऱ्या व उत्तरोत्तर ढासळत जाणाऱ्या काही मनोविकृती एकत्र आणल्या. स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर यास हे नाव पटले नाही; कारण विकार नेहमीच अकाली येतो असे नाही आणि बुद्धीचा भ्रंश होतोच असेही नाही. २४ एप्रिल १९०८ रोजी बर्लिन येथील व्याख्यानात त्याने ‘स्किझोफ्रेनिया’ हा नवा शब्द मांडला व १९११ च्या ग्रंथात तो रूढ केला. ग्रीकमध्ये ‘स्किझो’ म्हणजे चिरणे, आणि ‘फ्रेन’ म्हणजे मन. गंमत अशी की हा ‘फ्रेन’ शब्द होमरच्या काळी छाती व पोट यांमधील पडद्याच्या जागेचा वाचक होता. ग्रीकांचे मन तेथे वसत असे. म्हणजे मनाची व्याधी देहाच्या एखाद्या जागी नेऊन बसविण्याची खोड शब्दाच्या मुळातच आहे.

ब्लॉयलरला अभिप्रेत होते ते विचार, भावना व इच्छा यांच्यातील सांधा निखळणे. एका देहात दोन व्यक्ती राहणे हे त्याच्या मनात नव्हते. मराठीत मात्र ‘दुभंगलेले व्यक्तिमत्त्व’ हा शब्दप्रयोग इतका पसरला की नाटके व कथा यांतून दोन चेहऱ्यांचा मनुष्य म्हणजेच हा रोगी अशी समजूत झाली. ‘छिन्नमानस’ व ‘छिन्नमनस्कता’ ही पारिभाषिक रूपे त्या मानाने मूळाशी प्रामाणिक आहेत. पण ‘छिन्न’ म्हणजे तोडलेले, आणि तोडलेले पुन्हा जुळत नाही असे मराठी कानास ऐकू येते. जपानी भाषेतही हीच अडचण होती. तेथील जुने नाव ‘सेइशिन बुनरेत्सु ब्यो’, म्हणजे मनाच्या फाटण्याचा रोग, असे होते. रुग्णांच्या कुटुंबीयांनी आग्रह धरला आणि २००२ साली तेथील मनोवैद्यकांच्या संस्थेने ते टाकून ‘तोगो शिच्चो शो’, म्हणजे एकसूत्रतेतील बिघाड, हे नाव स्वीकारले. त्यापूर्वी रोगाचे नाव रुग्णास सांगण्याचे प्रमाण सुमारे ३७ टक्के होते. तीन वर्षांच्या आत ते सुमारे ७० टक्क्यांवर गेले. रोग तोच, औषधे तीच; नाव उच्चारता येण्याजोगे झाले म्हणून वैद्य ते उच्चारू लागले. परिभाषेचे काम हे केवळ कोशकारांचे काम आहे असे मानणाऱ्यांनी हा दाखला ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आपल्याकडील जुनी परंपरा निराळी आहे. चरकसंहितेत उन्मादाचे वात, पित्त, कफ, सन्निपात व आगंतू असे पाच प्रकार सांगितले आहेत. त्यांतील पहिले चार देहातील दोषांचे आणि पाचवा बाहेरून येणारा. ‘दोष’ हा शब्द तेथे तांत्रिक आहे, निंदावाचक नाही. साम्य बिघडले की दोष कुपित होतो व साम्य आले की शांत होतो. त्यास कायमचा डाग म्हणून कोणी पाहात नाही. आजच्या मराठीत ‘दोष’ म्हणजे अपराध किंवा व्यंग. संमतिपत्राच्या भाषांतरकाराने शब्द घेतला चरकाचा आणि वाचकाने तो वाचला आजचा. ‘पिसे’ ह्या शब्दाचीही अशीच कथा आहे. जुन्या मराठीत तो ईश्वरी उन्मनीपासून भूतबाधेपर्यंत सर्वांस लागत असे. महानुभावांच्या परंपरेत गोविंदप्रभूंचे वेडेपण हे पूज्य वेडेपण आहे. इंग्रजी अमदानीत वेड्यांसाठी इस्पितळे निघाली, ठाण्याचे १९०१ साली सुरू झाले, आणि ‘ठाण्याला पाठविणे’ हा मराठीत वाक्प्रचारच होऊन बसला. पिसे गेले, वेड उरले, आणि वेडाला पत्ता मिळाला.

आता रक्ताकडे वळू. विसाव्या शतकाच्या मध्यास ह्या शोधाचा पहिला ठळक अध्याय कॅनडातील सस्कॅचवान प्रांतात लिहिला गेला. हंफ्री ऑस्मंड व जॉन स्मिदिझ यांनी १९५२ साली असे सुचविले की मेस्कलीन ह्या भ्रमकारक द्रव्याची रचना अ‍ॅड्रिनलीनशी मिळतीजुळती असल्यामुळे शरीर स्वतःच असे काही विष बनवीत असावे. १९५४ साली एब्राम हॉफर यांच्यासह त्यांनी त्या विषाचे नावही सांगितले : अ‍ॅड्रिनोक्रोम. अ‍ॅड्रिनलीनचे द्रावण हवेत राहिले की त्याचे ऑक्सिडीभवन होऊन ते गुलाबी होते. त्या गुलाबी द्रव्यास अ‍ॅड्रिनोक्रोम म्हणतात. छिन्नमानसात हेच ऑक्सिडीभवन देहाच्या आत वाजवीपेक्षा अधिक होते, असा हा सिद्धान्त होता. म्हणजे ‘ऑक्सिडीकारक ताण’ हा शब्द जन्मास येण्यापूर्वी तीस वर्षे त्याच्या मुळाशी असलेली कल्पना ह्या रोगाच्या संदर्भात मांडली गेली होती. १९५८ साली अमेरिकेतील संशोधकांनी रक्तात अ‍ॅड्रिनोक्रोम आहे काय याचा कसून शोध घेतला, तेव्हा ते निरोगी माणसांतही सापडले नाही आणि रुग्णांतही सापडले नाही. हॉफर यांनी मात्र जीवनसत्त्वांच्या प्रचंड मात्रांचा आपला उपचार सोडला नाही. लायनस पाउलिंगसारख्या थोर रसायनशास्त्रज्ञाने १९६८ साली त्या उपचारास पाठिंबा दिला. १९७३ साली अमेरिकन मनोवैद्यक संघटनेच्या समितीने पुराव्याअभावी तो अग्राह्य ठरविला.

दुसरा अध्याय स्वीडनमधील, आणि तोच मला सर्वांत बोधक वाटतो. १९५७ साली स्टिग ओकरफेल्ट याने ‘सायन्स’ नियतकालिकात एक साधी परीक्षा प्रसिद्ध केली. रोग्याच्या रक्तद्रवात एक रंगहीन अमीन द्रव्य मिसळावयाचे व थांबावयाचे. रक्तद्रवातील काही घटक त्या द्रव्याचे ऑक्सिडीभवन करतात व ते लाल होते. निरोगी माणसाच्या रक्तद्रवात रंग सावकाश येई. मनोरुग्णांच्या रक्तद्रवात तो लवकर व गडद येई. घटक कोणता हेही कळले : सेरुलोप्लास्मिन, म्हणजे तांबे वाहून नेणारे निळसर प्रथिन, जे स्वीडनमध्येच १९४८ साली होल्मबर्ग व लॉरेल यांनी ओळखले होते. वेडाची रक्तपरीक्षा सापडली असा बोलबाला झाला. काचेच्या नळीत डोळ्यांदेखत उमटणारा लाल रंग! याहून स्पष्ट खूण ती कोणती असावयाची?

मग एकेक गोष्ट बाहेर येऊ लागली. सेरुलोप्लास्मिन गर्भारपणात वाढते, संसर्गजन्य आजारांत वाढते, यकृताच्या विकारांत वाढते. आणि दुसरे असे की क जीवनसत्त्व हे त्या रंगाच्या वाटेत आडवे येते. रक्तात ते पुरेसे असेल तर रंग उमटण्यास वेळ लागतो. मोठ्या मनोरुग्णालयांत वर्षानुवर्षे राहणाऱ्या रोग्यांच्या पानात ताजी फळे व भाज्या कितीशा येत असतील? त्यांच्या रक्तात क जीवनसत्त्व कमी होते, म्हणून नळी लाल होत होती. रोग्यास संत्र्याचा रस दिला की ‘वेडाची खूण’ नाहीशी होई. परीक्षेने रोग मोजला नव्हता, इस्पितळाचा भटारखाना मोजला होता. आणि रक्त तुलनेस दिले होते ते प्रयोगशाळेच्या परिसरातील धडधाकट, घरचे जेवण जेवणाऱ्या लोकांनी.

सेमूर केटी याने १९५९ साली ‘सायन्स’मध्येच दोन भागांत लिहिलेल्या लेखात ह्या सर्व उद्योगाचे परीक्षण केले. ते आजही प्रत्येक पदव्युत्तर विद्यार्थ्याने वाचावे असे आहे. मग तो विद्यार्थी कोणत्याही शास्त्राचा असो. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : दाटीवाटीचे इस्पितळ, तेथील संसर्ग, तेथील आहार, व्यायामाचा अभाव, दिलेली औषधे यांपैकी प्रत्येक गोष्ट रक्त बदलते, आणि ह्या साऱ्या गोष्टी रोग्यांस एकदम लागू असतात व निरोगी तुलनागटास एकही लागू नसते. त्याच वर्षी रोग्यांच्या मूत्रात आढळलेल्या काही फेनॉलिक आम्लांचे मूळ त्यांच्या कॉफीच्या प्याल्यात सापडले. १९६२ साली न्यूयॉर्कमध्ये फ्रीडहॉफ व व्हॅन विंकल यांस रोग्यांच्या मूत्रात एक ‘गुलाबी ठिपका’ आढळला व पुन्हा आशा पल्लवित झाली; ठिपक्याची चर्चा पुढे आहारावर व १९७० साली तर साध्या चहावर येऊन ठेपली. गुलाबी अ‍ॅड्रिनलीन, लाल नळी, गुलाबी ठिपका! ह्या इतिहासाला रंगाचे फार वेड आहे, आणि पुढे दिसेल की ते अजून गेलेले नाही.

ह्यानंतर काही वर्षे रक्त मागे पडले. १९५२ पासून क्लोरप्रोमझीन व तत्सम औषधांनी रुग्णांची स्थिती खरोखर पालटली होती व संशोधकांचे लक्ष डोपामीनकडे गेले होते. ऑक्सिडीभवनाचा विषय परत आला तो अन्य वाटेने. १९५६ साली डेनम हारमन याने वार्धक्याचे कारण मुक्त मूलकांत शोधले. १९६९ साली मॅककॉर्ड व फ्रिडोविच यांनी अशा एका मूलकाचे शमन करणारे विकर, सुपरऑक्साइड डिसम्यूटेज, देहात असल्याचे दाखविले. आणि १९८५ साली हेल्मुट झीस याच्या संपादित ग्रंथाने ‘ऑक्सिडीकारक ताण’ ही संज्ञा प्रस्थापित केली. अर्थ असा की ऑक्सिडीभवन घडविणारी द्रव्ये व त्यांस आवरणारी द्रव्ये यांचा तोल पहिलीच्या बाजूस झुकणे.

येथे भाषेने आपल्यापुढे दुसरा पेच टाकला आहे. इंग्रजीतील मूळ शब्द यंत्रशास्त्रातून आलेला. तुळईवर पडणारा भार म्हणजे तो. मराठीत ‘ताण’ व विशेषतः ‘तणाव’ हे शब्द दोरीवरून निघून मनावर स्थिरावले. म्हणून ‘रक्तातील तणाव’ असे म्हटले की ऐकणाऱ्यास वाटते, घरात भांडणे झाली, मुलाच्या डोक्याला ताण झाला, तो रक्तात उतरला आणि त्याने वेड लागले. म्हणजे आईबापांवर आणखी एक आरोप! मूळ संज्ञेस त्यांच्या भांडणाशी काही कर्तव्य नाही.

आणि ऑक्सिजन हा शब्दही काही निर्दोष नव्हे. लाव्हॉझ्येला वाटले की सर्व आम्लांच्या मुळाशी हाच वायू आहे, म्हणून त्याने ‘आम्लजनक’ अशा अर्थाचे ग्रीक नाव दिले. ती समजूत खोटी ठरली, नाव राहिले. मराठीने त्यास ‘प्राणवायू’ म्हटले. ते अधिक सुंदर व, श्वासोच्छ्वासापुरते, अधिक खरे आहे. पण मग प्राणवायूच अपाय करतो हे सांगावयाचे कसे? कळंबोलीच्या माणसास ते सांगणे अवघड जात नाही. मुंबईतून हलविण्यासाठी सिडकोने वसविलेला लोखंड-पोलादाचा बाजार येथे आहे. पावसाळ्याच्या चार महिन्यांत उघड्यावरच्या सळ्या व पत्रे तांबूस होतात हे येथले पोरही पाहते. गंज हे ऑक्सिडीभवनच. उपमा अपुरी आहे, कारण देह गंज चढताच तो उतरविण्याचे कामही करीत असतो आणि लोखंड ते करीत नाही. पण ‘तणावा’पेक्षा ती कितीतरी बरी.

देहाचे हे गंज उतरविण्याचे काम ज्या विकरांकडे आहे तीच आज रक्तात मोजली जातात. सुपरऑक्साइड डिसम्यूटेज हे मूलकाचे हायड्रोजन पेरॉक्साइड करते. कॅटॅलेज व ग्लुटाथायोन पेरॉक्सिडेज ही दोन विकरे त्याचे पाणी करतात. मेंदूस ह्या व्यवस्थेची गरज विशेष. देहाच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के असलेला हा अवयव प्राणवायूचा सुमारे २० टक्के वाटा घेतो, त्याच्या पेशींच्या पटलांत सहज ऑक्सिडीभूत होणारी असंतृप्त मेदाम्ले विपुल असतात, आणि डोपामीनचे विघटन होतानाच हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते. जिवंत माणसाचा मेंदू काढून तपासता येत नाही, म्हणून रक्ताकडे पाहावयाचे. तांबडी पेशी ह्या कामी सोयीची आहे. तिला केंद्रक नसते. सुमारे १२० दिवसांच्या आयुष्यात ती नवी विकरे बनवू शकत नाही, जन्मतः मिळालेल्या शिदोरीवर जगते. म्हणून तिच्यातील विकरांची मोजणी ही त्या दिवसाची बातमी नसून मागील काही महिन्यांची बखर असते. मेदाम्लांची झीज मोजण्यासाठी मात्र अजूनही बहुधा थायोबार्बिट्युरिक आम्लाची परीक्षा वापरतात, आणि तिच्यात काय होते? नळीत गुलाबी रंग येतो व तो ५३२ नॅनोमीटर तरंगलांबीवर मोजतात. ही परीक्षा मेदाम्लांच्या झिजेखेरीज इतर द्रव्यांसही प्रतिसाद देते, हे सर्वांस ठाऊक आहे. स्वस्त व सोपी म्हणून ती टिकून आहे.

ह्या नव्या पर्वात महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे व तो आपल्या विद्यार्थ्यांस फारसा ठाऊक नसतो. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ऑगस्टा येथील वैद्यकीय महाविद्यालयात काम करणारे साहेबराव महाडिक यांनी सुकदेव मुखर्जी यांच्यासह १९९६ साली ह्या विषयाचा समग्र आढावा घेतला. त्याच सुमारास त्यांच्या गटाने रोगाच्या अगदी आरंभी असलेल्या रुग्णांचे रक्त तपासून दाखविले की रक्षक विकरांची उणीव व मेदाम्लांची झीज तेव्हाही दिसते. आरंभीचे रुग्ण का घ्यावयाचे, याचे उत्तर केटीच्या लेखात आहे : इस्पितळाचे जेवण व वर्षानुवर्षांची औषधे यांचा संशय त्यांच्यावर घेता येत नाही. पुढे महाडिकांनी पुण्यातील प्रभाकर रांजेकर व त्यांच्या सहकाऱ्यांशी सहकार्य केले. रांजेकर हे मूळचे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतील वनस्पतींचे रेणुशास्त्रज्ञ. धान्याच्या जनुकांपासून माणसाच्या मनोव्याधीपर्यंतचा त्यांचा प्रवास हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. २००३ साली ह्या गटाचे तीन निबंध प्रसिद्ध झाले. एकात छिन्नमानसाच्या रुग्णांत तिन्ही रक्षक विकरे कमी आढळली. दुसऱ्यात, कधीही औषध न घेतलेल्या रुग्णांत डोकोसाहेक्सानोइक व अ‍ॅराकिडोनिक ही मेदाम्ले कमी व झिजेची खूण अधिक होती, तर औषध घेणाऱ्यांत ही तफावत कमी होती. म्हणजे औषधांमुळे हा बिघाड होतो, हा सोपा तर्क टिकला नाही. पाश्चात्त्य देशांत असे कधीही औषध न घेतलेले रुग्ण मिळणे दुर्मीळ. ते आपल्याकडे मिळाले याचे कारण आपल्याकडील उपचार उशिरा पोहोचतात हे आहे, आणि त्यात अभिमान बाळगण्यासारखे काही नाही.

तिसरा निबंध उपचाराचा. ३३ रुग्णांस चार महिने माशांच्या तेलातील मेदाम्ले आणि ई व क ही जीवनसत्त्वे, नेहमीच्या औषधांच्या जोडीस, देण्यात आली. लक्षणांत सुधारणा दिसली व पूरक द्रव्ये थांबविल्यानंतरही ती बऱ्याच अंशी टिकली. परंतु ह्या प्रयोगात निष्क्रिय गोळी घेणारा तुलनागट नव्हता. हॉफर यांच्या जीवनसत्त्वांचा इतिहास आठवला की ही उणीव किती महत्त्वाची ते कळते. पुण्यातच पुढे भारती विद्यापीठाच्या संशोधनसंस्थेत साधना जोशी, अन्विता काळे आदींनी २०१० साली औषध न घेतलेल्या रुग्णांत फॉलिक आम्ल व ब-१२ जीवनसत्त्व कमी आणि होमोसिस्टीन अधिक असल्याचे नोंदविले. येथे संत्र्याचा रस पुन्हा आठवतो. २००६ साली पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांच्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांशांत ब-१२ कमी आढळले होते, आणि ती पाहणी मनोरुग्णांची नव्हती. शाकाहारी पानाचा प्रश्न तुलनागटाची निवड काटेकोर केल्यावाचून सुटत नाही. त्यात पुण्याच्या संशोधकांची वाट ओकरफेल्टच्या वाटेहून पुष्कळ सावध आहे, कारण रोगी व निरोगी दोघेही त्याच मुलखातील, त्याच भाकरीचे.

एकूण हिशेब काय? १९५७ प्रमाणे हा डोलारा कोसळलेला नाही. २००० साली स्वित्झर्लंडमध्ये किम डो व सहकाऱ्यांनी रुग्णांच्या मेंदू-मेरुद्रवात ग्लुटाथायोन २७ टक्क्यांनी व कपाळामागील मेंदूच्या भागात ५२ टक्क्यांनी कमी असल्याचे दाखविले. म्हणजे रक्तातील गोष्टीस मेंदूत काही प्रतिसाद आहे. २०१३ साली फ्लॅटो, बकली व मिलर यांनी ४४ अभ्यासांचा एकत्रित मेळ घातला. तांबड्या पेशींतील सुपरऑक्साइड डिसम्यूटेज रोगाच्या सर्व अवस्थांत कमी आढळते. उलट रक्तद्रवाची एकूण प्रतिऑक्सिडीकारक क्षमता तीव्र अवस्थेत घटते व उपचाराने सावरते. पहिली खूण प्रकृतीची, दुसरी प्रसंगाची. हा भेद मला फार मोलाचा वाटतो. ऑस्ट्रेलियात २००८ साली १४० रुग्णांवर २४ आठवडे केलेल्या प्रयोगात अ‍ॅसिटिल-सिस्टीन ह्या ग्लुटाथायोनपूरक औषधाने माफक पण खरी सुधारणा दिसली, आणि ह्या खेपेस निष्क्रिय गोळीचा गट होता.

तरीही ह्यांतील एकही मोजणी एका माणसाच्या रक्ताकडे पाहून ‘ह्यास छिन्नमानस आहे’ असे सांगू शकत नाही. गटांच्या सरासरीत फरक आहे, पण रोगी व निरोगी यांचे आकडे एकमेकांत मिसळलेले आहेत. आणि हेच फरक उन्मादविषादात, मधुमेहात, तंबाखू ओढणाऱ्यांत, अगदी म्हातारपणातही दिसतात. निदान आजही रुग्णाशी व घरच्यांशी बोलूनच होते. म्हणजे निदानाचे साधन अजून भाषा हेच आहे, आणि माझ्यासारख्यास त्यात थोडे समाधान वाटले तर तो व्यवसायाचा पक्षपात समजावा.

इंग्रजीत अशा मोजणीस जो शब्द आहे त्याचा अर्थ नुसती खूण असा आहे. वाटसरू झाडावर करतो तशी खूण. ती वाट नव्हे व गावही नव्हे. मराठीत त्यासाठी दर्शक, सूचक, चिन्हक असे शब्द चालतात. ‘दर्शक’ मला बरा वाटतो, कारण तो दाखविणाऱ्यावर भर देतो, दाखविलेल्या माणसावर नाही. ‘चिन्ह’ व ‘लक्षण’ हे वैद्यकात आधीच गुंतलेले आहेत, आणि ‘दोष’ व ‘डाग’ हे शब्द ह्या कामी वर्ज्य मानावेत. महाराष्ट्रात रुग्णांच्या कुटुंबीयांनी चालविलेल्या चळवळीने, पुण्यातील स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनसारख्या संस्थेने व २००४ च्या ‘देवराई’ चित्रपटाने, एक गोष्ट सिद्ध केली आहे : मराठी माणसास ‘स्किझोफ्रेनिया’ हा परका शब्द उच्चारणे ‘वेड’ ह्या आपल्या शब्दापेक्षा सोपे जाते. परका शब्द कोरा असतो. त्याच्यावर आजोबांच्या काळचे काही लिहिलेले नसते. म्हणून संमतिपत्रात रोगाचे नाव मी ‘स्किझोफ्रेनिया’ असेच ठेवले, जरी ह्या लेखात परिभाषेस अनुसरून छिन्नमानस वापरले आहे.

विद्यार्थ्यास मी जे लिहून दिले ते असे : ‘शरीरात श्वासावाटे आलेल्या प्राणवायूच्या वापरातून काही अपायकारक द्रव्ये सर्वांच्याच शरीरात तयार होतात, आणि शरीर ती नाहीशी करीत असते. स्किझोफ्रेनिया असलेल्या काही व्यक्तींत हे काम थोडे मंद चालते असे दिसते. ते मोजण्यासाठी आम्ही तुमच्याकडून थोडे रक्त घेणार आहोत. ह्या तपासणीवरून रोग आहे किंवा नाही हे ठरत नाही, तो घराण्यात आहे किंवा नाही हेही ठरत नाही. तुमच्याइतक्याच वयाच्या, तुमच्याच भागातील निरोगी व्यक्तींचेही रक्त आम्ही असेच घेत आहोत.’ शेवटचे वाक्य मूळ मसुद्यात नव्हते. ते घालावे की नाही याविषयी विद्यार्थ्याच्या मार्गदर्शकांनी प्रथम शंका घेतली, कारण तुलनागटाची माहिती रुग्णास देण्याची तशी आवश्यकता नसते. नीतिसमितीपुढे मसुदा गेला तेव्हा ते वाक्य राहिले. थोरला भाऊ पुढील तपासणीच्या दिवशी आला, कागद दोनदा वाचला, आणि निरोगी गटात आपले रक्त चालेल काय असे त्याने विचारले. एकाच घरातील सख्खा भाऊ त्या गटात चालत नाही, हे विद्यार्थ्यास त्यास समजावून सांगावे लागले.